अडीचशे ग्रॅमची रेघ

ड्रोनच्या नियमांत ज्या वजनावर सगळे ठरते ते पेटीवर छापलेले वजन नसते. उड्डाण करताना यंत्र जे काही अंगावर घेऊन हवेत जाते, त्या सगळ्याचे मिळून ते वजन असते. बॅटरी, पंखे, कॅमेरा, मेमरी कार्ड, भिंगावर चढवलेली काच, पंख्यांभोवतीचे संरक्षक कडे, रात्री चमकणारा छोटा दिवा, सारे त्यात येते. भारतातील ‘ड्रोन नियम, २०२१’ या एकूण वजनावरून ड्रोनचे पाच वर्ग करतात. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल, २५ ते १५० किलो मीडियम आणि त्याहून जड ते लार्ज. छायाचित्रकाराचा संबंध बहुधा पहिल्या दोन वर्गांशीच येतो. मोठा सिनेकॅमेरा उचलणारी यंत्रे तिसऱ्या वर्गात जातात आणि शेतात औषध फवारणारे ड्रोनही साधारण तिथेच असतात.

२५० हा आकडा भारतात जन्मलेला नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१५ च्या शरद ऋतूत एक कार्यगट नेमला. किती हलक्या ड्रोनला नोंदणीतून वगळायचे, हा त्याच्यापुढचा एक प्रश्न होता. कार्यगटाने आकाशातून पडणाऱ्या वस्तूचे गणित मांडले. डोक्यावर ८० ज्यूल ऊर्जेचा आघात झाला तर मृत्यूची शक्यता ३० टक्के, हे गृहीत धरले. बिघडलेला छोटा ड्रोन खाली येताना साधारण सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगाने आदळेल, असा अंदाज केला. या वेगाला ८० ज्यूल ऊर्जा भरण्यासाठी वस्तुमान किती लागेल, याचे उत्तर सुमारे २५० ग्रॅम येते. शाळेत शिकलेले अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हे सूत्र वापरून कोणालाही ते पडताळता येईल. त्यात दाट वस्ती, उघड्यावर असणाऱ्या माणसांचे प्रमाण आणि यंत्र बिघडण्याचा दर मिसळून कार्यगटाने धोका नगण्य ठरवला. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत नोंदणी सुरू झाली ती याच रेघेवर. पुढे युरोप, कॅनडा, भारत अशा अनेक ठिकाणी तोच आकडा कमीअधिक फरकाने स्वीकारला गेला. गृहीतके ढोबळ होती, पण आकडा गोल आणि लक्षात राहणारा होता, आणि नियम करणाऱ्यांना असा आकडा आवडतो.

रेघ आखली गेल्यावर कारखान्यांनी यंत्रेच तिच्या मापाने बेतायला घेतली. चीनमधील शेंझेनच्या डीजेआय कंपनीचा मॅव्हिक मिनी ऑक्टोबर २०१९ मध्ये आला, त्याचे वजन होते २४९ ग्रॅम. जपानमध्ये त्या वेळी रेघ २०० ग्रॅमवर होती, म्हणून तिथे त्याच यंत्राला लहान बॅटरी बसवून ते १९९ ग्रॅमचे केले गेले. जून २०२२ मध्ये जपानने रेघ थेट १०० ग्रॅमवर आणली आणि ती सारी कसरत वाया गेली. २४९ मधला तो एक ग्रॅम कशासाठी, हेही समजून घेण्यासारखे आहे. भारतात २५० ग्रॅम भरलेला ड्रोनसुद्धा नॅनोच राहतो, युरोपात मात्र वजन २५० च्या आतच लागते. जगभर एकच माल विकायचा तर कडक नियम पाळणे सोयीचे. सप्टेंबर २०२५ मधल्या मिनी ५ प्रो या मॉडेलने ही ओढाताण टोकाला नेली. त्याचे जाहीर वजन २४९.९ ग्रॅम असून त्यात ४ ग्रॅम इकडेतिकडे होऊ शकतात, असे कंपनीनेच लिहिले. म्हणजे एकाच कारखान्यातून निघालेले दोन सारखे ड्रोन काट्यावर रेघेच्या दोन बाजूंना पडू शकतात. असे यंत्र घेणाऱ्याने माहितीपत्रकावर विसंबू नये. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटाही इथे पुरेसा पडत नाही, दशांश दाखवणारा सोनाराचा काटा हवा.

भारतात या विषयाचे नियम थोडक्या वर्षांत तीनदा पालटले. ऑगस्ट २०१८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने पहिली नियमावली काढली आणि ती १ डिसेंबरपासून लागू झाली. मार्च २०२१ मध्ये दुसरी आली. ती एवढी जाचक होती की सेकंदाला १५ मीटरहून वेगाने किंवा १५ मीटरहून उंच जाऊ शकणारा नॅनो ड्रोन तिने वरच्या वर्गात ढकलला. बाजारातला जवळपास प्रत्येक कॅमेरा ड्रोन ही मर्यादा सहज ओलांडतो, त्यामुळे नॅनो हा वर्ग खेळण्यांपुरताच उरला असता. पाच महिन्यांत ती रद्द करून २५ ऑगस्ट २०२१ रोजी आजचे नियम आले. वेग आणि उंचीची ती अट गेली आणि वजन तेवढे उरले. फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने ‘लायसन्स’ हा शब्दही नियमांतून काढला. आता मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्था शिकवते, परीक्षा घेते आणि तिथूनच रिमोट पायलट प्रमाणपत्र मिळते. बोलण्यात मात्र लोक अजून लायसन्सच म्हणतात.

हे प्रमाणपत्र कोणाला लागते, यात वजनाइतकाच वापराचा हेतू मोजला जातो. नॅनो ड्रोन छंदासाठी उडवला काय आणि पैसे घेऊन उडवला काय, प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो वर्गात छंदासाठी लागत नाही, व्यवसायासाठी लागते. स्मॉलपासून पुढे ते घ्यावेच लागते. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण, एवढ्या अटी आहेत. प्रमाणपत्र १० वर्षे चालते. सुरुवातीला अर्जासाठी पासपोर्ट मागितला जाई आणि गावाकडच्या मुलांची तिथेच अडचण होई. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा वाहन चालवण्याचा परवानाही चालू लागला.

लग्नाचे शूटिंग करणाऱ्याचे उदाहरण घेतले की हा फरक उलगडतो. ७२० ग्रॅमचा ड्रोन घेऊन तो सुट्टीत आपल्या गावच्या नदीचे चित्रण करतो, तेव्हा तो छंद असतो. तोच ड्रोन दुसऱ्या दिवशी वरातीवर फिरवून त्याचे पैसे घेतले की तो व्यवसाय होतो आणि प्रमाणपत्राशिवाय ते उड्डाण नियमबाह्य ठरते. ‘ओळखीतलेच लग्न होते’ ही सबब पावती फाडल्यावर टिकत नाही. अशा व्यावसायिकांना २४९ ग्रॅमच्या यंत्रांची एवढी ओढ का, ते यातून कळते. नॅनोला आणखी दोन सवलती आहेत. यंत्राच्या मॉडेलला घ्यावे लागणारे प्रकार प्रमाणपत्र त्याला नको आणि त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमाही सक्तीचा नाही. मायक्रोपासून पुढे विमा हवा. प्रकार प्रमाणपत्राला मात्र एक फाटा आहे. २५ किलोपर्यंतचा ड्रोन केवळ शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवला जात असेल तर त्याला नियम ‘मॉडेल’ मानतात आणि त्या प्रमाणपत्रातून सूट देतात. पैसे घेतले की ही सूटही संपते.

नोंदणी हा वेगळा विषय आहे. सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर ड्रोन नोंदवून त्याचा युनिक ओळख क्रमांक घ्यायचा, हा सर्वसाधारण नियम आहे आणि त्याचे शुल्क १०० रुपये आहे. नियमभंगाचा दंड एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो, हे पाहता या शंभर रुपयांत काटकसर करण्यासारखे काही नाही.

वजनाच्या सवलतींमुळे होणारा सर्वांत महागडा गैरसमज आकाशाबाबतचा आहे. हलका ड्रोन कुठेही उडवता येतो, असे विक्रेते सर्रास सांगतात आणि गिऱ्हाईक आनंदाने ऐकतात. हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे आणि लाल असे तीन भाग आहेत आणि नॅनो वर्गालाही ते लागू आहेत. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही सूट २०० फुटांवर येते. ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळा भाग सुरू होतो, तिथे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी हवी. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच चालत नाही.

ही वर्तुळे नकाशावर आखून पाहिली की शहरी ग्राहकाचा उत्साह ओसरतो. मुंबईत सांताक्रूझच्या विमानतळाने उपनगरांचा मोठा भाग व्यापला आहे, दक्षिणेला नौदलाची ठाणी आहेत आणि तुर्भ्याच्या बाजूला भाभा अणुसंशोधन केंद्र. पुण्यात लोहगाव हे मुळात हवाई दलाचे ठाणे, शिवाय खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. गोव्यात दाबोळी नौदलाच्या तळावर आहे आणि उत्तरेला मोप्याचा नवा विमानतळ. २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. असा नवा विमानतळ चालू झाला की भोवतीचे आकाश रंग बदलते. म्हणून नकाशा एकदा पाहून सोडून द्यायचा नसतो, प्रत्येक उड्डाणाआधी डिजिटल स्काय या सरकारी व्यासपीठावर उघडायचा असतो. त्याखेरीज पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेश असतात. रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांसारख्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील किल्ल्यांवर त्या खात्याची परवानगी लागते, हरिश्चंद्रगड-कळसूबाईसारख्या अभयारण्यात वन विभागाची. पुण्या-मुंबईच्या घराच्या गच्चीवरून उडवायचा बेत असेल तर आधी नकाशा पाहावा आणि मग पैसे मोजावेत.

यानंतर येतो तो अडथळा वजनाशी संबंध नसलेला आहे, आणि भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेश व्यापार महासंचालनालयाने पूर्ण तयार किंवा सुट्या संचाच्या रूपातील परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा या कारणांपुरती सवलत ठेवली. सुटे भाग आणण्यास मोकळीक राहिली, कारण देशात ड्रोन बनावेत हा हेतू होता. पण २४९ ग्रॅमच्या ज्या यंत्रांची वर चर्चा झाली ती बहुतेक चिनी आहेत. त्यामुळे नियम नॅनो ड्रोनला अनेक कागदपत्रांतून मोकळे करतात, तर आयातबंदी तोच ड्रोन दुकानात येऊ देत नाही. बाजारात तो मिळतो खरा, परंतु बहुधा बिलाविना, कंपनीच्या हमीविना आणि मागच्या दाराने. दुबईहून किंवा अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून मागवणे हीही आयातच आहे. सीमाशुल्काच्या प्रवासी घोषणापत्रात ड्रोनचा वेगळा उल्लेख असतो आणि तो जप्त झाला तर त्या नातेवाइकाचा दोष नसतो.

भारतीय यंत्रांच्या बाजूचे चित्र अजून एकांगी आहे. नव्या नियमांखालचे पहिले प्रकार प्रमाणपत्र जून २०२२ मध्ये फवारणीच्या ‘अ‍ॅग्रीबॉट’ ड्रोनला मिळाले. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांतून उभी राहिलेली नवी मुंबईची आयडियाफोर्ज टेहळणी आणि सर्वेक्षणाच्या यंत्रांसाठी ओळखली जाते. या यंत्रांतही कॅमेरा असतो, पण तो नकाशा बनवण्यासाठी किंवा पाळत ठेवण्यासाठी बेतलेला. हौशी छायाचित्रकाराला हवा तो घडी घालून खिशात मावणारा, रंग उत्तम टिपणारा देशी ड्रोन अजून फारसा दिसत नाही. व्यवसायासाठी मायक्रो वर्गातले देशी यंत्र घेताना विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नये. त्याच नेमक्या मॉडेलला प्रकार प्रमाणपत्र आहे का, हे सरकारी यादीत पाहावे. ‘अर्ज केला आहे’ आणि ‘मिळाले आहे’ या दोन गोष्टींत वर्ष-दोन वर्षे जाऊ शकतात.

कायद्याची बाजू पार पडल्यावर प्रश्न उरतो तो ग्रॅम वाचवण्यासाठी काय सोडावे लागते याचा. पूर्वी याचे उत्तर होते चित्राचा दर्जा. मॅव्हिक मिनीच्या पिढीत सेन्सर १/२.३ इंची, म्हणजे स्मार्टफोनच्या मापाचा. मे २०२२ च्या मिनी ३ प्रोमध्ये तो १/१.३ इंची झाला, क्षेत्रफळाने जवळपास अडीचपट. २०२१ मध्ये एक इंची सेन्सर हवा असेल तर एअर २एस हा ५९५ ग्रॅमचा ड्रोन घ्यावा लागे, चार वर्षांनी तोच आकार अडीचशे ग्रॅमच्या आसपास आला. भर दुपारी काढलेल्या चित्रांत आता हलक्या आणि जड ड्रोनमधला फरक सामान्य प्रेक्षकाला ओळखू येणार नाही. संध्याकाळच्या रिसेप्शनला, दिव्यांच्या माळा आणि काळे आकाश एकत्र आले की तो कळतो. ८९५ ग्रॅमच्या मॅव्हिक ३ मधला फोर-थर्ड्स सेन्सर १/१.३ इंचीच्या सव्वातीनपट मोठा आहे आणि सावल्यांतला खडबडीतपणा तो बराच दाबतो.

वाऱ्यापुढे मात्र वजनाची उणीव कोणत्याही सुधारणेने भरून निघालेली नाही. कागदावर मिनी ४ प्रो सेकंदाला १०.७ मीटर वारा सोसतो आणि मॅव्हिक ३ बारा मीटर. हा फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात हलके यंत्र जागेवर टिकण्यासाठीच आपली बरीचशी ताकद खर्च करते, बॅटरी झपाट्याने उतरते आणि परतताना वारा समोरून असेल तर यंत्र जमिनीच्या हिशेबाने जेमतेम पुढे सरकते. सह्याद्रीच्या कड्यांवर हे विशेष जपावे लागते. पश्चिमेकडून आलेला वारा कोकणकड्यासारख्या भिंतीला थडकून वर उसळतो. पावसाळ्यात नाणेघाटात धबधब्याचे पाणी उलटे उडवणारा तो हाच झोत. पठारावर उभ्या माणसाला झुळूक जाणवत असते आणि कड्याबाहेर गेलेला ड्रोन गिरक्या खात असतो. पाण्याचे म्हणाल तर या दोन वर्गांतला कोणताही लोकप्रिय कॅमेरा ड्रोन पावसासाठी बनलेला नाही, मग तो किती का जड असेना.

उड्डाणाची वेळ हा जाहिरातीचा दुसरा आवडता आकडा. मिनी ४ प्रोची ३४ मिनिटे म्हणजे वारा नसताना, मंद आणि एकसारख्या वेगाने, बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंतची. पंचवीस टक्के राखून उतरणाऱ्या शहाण्या माणसाला त्यातली साधारण दोन तृतीयांश मिळतात. यावर कंपनीने मोठ्या ‘प्लस’ बॅटरीचा उपाय दिला, ती ४५ मिनिटांचा दावा करते. पण ती चढवली की एकूण वजन सुमारे २९० ग्रॅम होते आणि नॅनो ड्रोन त्या उड्डाणापुरता मायक्रो बनतो, विमा आणि व्यवसायाच्या प्रमाणपत्रासह. युरोपात मिनी ४ प्रोसाठी ती बॅटरी विकली गेली नाही. पंख्यांची संरक्षक कडी, वेगळा दिवा, वजनदार फिल्टर यांचेही तेच. लहान मुलांच्या समारंभात सुरक्षेसाठी कडी लावणारा माणूस शहाणपणा करतो आणि नियमांच्या भाषेत वरच्या वर्गात जातो, ही वजनाधारित पद्धतीची विसंगती आहे आणि ती मान्य करायला हवी. संदेशवहनाचा पल्ला, तो दहा किलोमीटर असो वा वीस, निवडीत जवळजवळ दुर्लक्षावा. अडीचशे ग्रॅमचे करडे यंत्र काहीशे मीटरवर आकाशात दिसेनासे होते आणि छंदाच्या उड्डाणाची व्याख्याच नजरेच्या टप्प्याची आहे.

म्हणून निवडीचा क्रम दुकानातल्या क्रमाच्या उलटा ठेवावा लागतो. प्रवासात, ट्रेकमध्ये, घरच्यांसाठी चित्रण करणाऱ्याला नॅनो वर्गच योग्य, आणि त्याने जादा सामान टाळलेले बरे. लग्ने, बांधकामांची प्रगती, हॉटेलांची जाहिरात अशी कामे नियमित घेणाऱ्याने रेघेखाली दडून राहण्याचा अट्टाहास सोडावा. त्याने प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे, विमा काढावा आणि प्रमाणित मायक्रो यंत्र घ्यावे. दहा वर्षांच्या प्रमाणपत्राचा खर्च वर्षांवर विभागला तर तो एखाद्या बॅटरीच्या किमतीच्या आसपास येतो आणि मोठ्या संस्था काम देताना ती कागदपत्रे मागतातच. स्मॉल वर्गात शिरण्याचे कारण सर्वेक्षण किंवा चित्रपट असेल तरच असते.

परदेशी राहणाऱ्या मराठी माणसासाठी रेघ वेगळ्या जागी असते. अमेरिकेत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन छंदासाठी नोंदवावा लागत नाही, पण एक डॉलर जरी मिळवायचा असेल तर वजन कितीही असो, ‘भाग १०७’चे प्रमाणपत्र हवे. भारतातल्या नॅनो सवलतीच्या हे बरोबर उलट आहे. युरोपीय संघात यंत्रावर सी० ते सी६ असे वर्गचिन्ह असते. कॅमेरा असलेला ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी, तो खेळणे नसेल तर, चालकाला नोंदणी चुकत नाही. तिथली पुढची पायरी ९०० ग्रॅमची किंवा डोक्यावर बसणाऱ्या ८० ज्यूलच्या आघाताची आहे, आणि मॅव्हिक ३ चे ८९५ ग्रॅम तिथून आलेले दिसतात. ब्रिटनने १ जानेवारी २०२६ पासून चालकाच्या परीक्षेची रेघ १०० ग्रॅमवर आणली, त्यामुळे तिथे २४९ हा आकडा पूर्वीइतका मोलाचा राहिला नाही.

जुना ड्रोन विकत घेणाऱ्याला आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, त्याला ओळख क्रमांक आहे का. नियम आले तेव्हा ३० नोव्हेंबर २०२१ किंवा त्यापूर्वी देशात असलेल्या यंत्रांसाठी नोंदणीची खास मुभा दिली गेली होती. त्या मुभेखाली नोंदवलेला आयातबंदीपूर्वीचा ड्रोन आज बिनपावतीच्या नव्या यंत्रापेक्षा अधिक भरवशाचा आहे. दुसरी, तो क्रमांक नव्या मालकाच्या नावे झाला आहे का. विक्री असो, भाडे असो वा भेट, हस्तांतर सरकारी व्यासपीठावर नोंदवावे लागते. ते राहिले तर पुढच्या उड्डाणातल्या चुकीची नोटीस आधीच्या मालकाच्या पत्त्यावर जाते.